बिग सर : डोंगर आणि समुद्र यांमधला महामार्ग

कॅलिफोर्निया राज्याचा महामार्ग क्रमांक १ पॅसिफिक महासागराच्या काठाने सुमारे १,०५५ किलोमीटर धावतो. त्यातला कार्मेल ते सॅन सिमिऑन हा दीडशेएक किलोमीटरचा टप्पा बिग सर या किनाऱ्यावरून जातो. सांता लुसिया पर्वतरांग इथे थेट समुद्रात उतरते. मध्ये सपाट किनारपट्टी जवळजवळ नाहीच. कोन पीक हे १,५७१ मीटर उंचीचे शिखर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडेच ठेंगणे, समुद्रापासून हवाई अंतराने जेमतेम पाच किलोमीटरवर उभे आहे. अशा उतारावर दोन पदरी रस्ता बांधायला मंजुरीपासून उद्घाटनापर्यंत अठरा वर्षे लागली. तो जागेवर टिकवून ठेवण्याचे काम १९३७ पासून आजतागायत थांबलेले नाही.

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीला समुद्राकडची बाजू मिळते आणि बहुतेक प्रवासी हीच दिशा पसंत करतात. कार्मेल सोडले की पॉइंट लोबोसचे वाऱ्याने वाकलेले सायप्रस वृक्ष आणि ग्रॅनाइटचे खडक लागतात. पुढे गरापाटाचा मोकळा किनारा, रॉकी क्रीकचा पूल आणि त्यापाठोपाठ बिक्सबी पूल. हरिकेन पॉइंटच्या चढावर वारा इतका जोराचा असतो की गाडीचे दार धरून उघडावे लागते. तिथून खाली लिटल सर नदीचे मुख आणि समुद्रातून वर आलेल्या एकाकी खडकावरचे पॉइंट सरचे दीपगृह दिसते. हे दीपगृह १८८९ मध्ये सुरू झाले.

यानंतर रस्ता काही काळ समुद्रापासून दूर होतो आणि बिग सर नदीच्या खोऱ्यात शिरतो. इथे रेडवुडची उंच झाडे आहेत, सावली आहे आणि गाव म्हणता येईल अशी थोडी वस्ती आहे. खोरे संपले की रस्ता पुन्हा कड्यावर चढतो. मॅकवे धबधबा इथेच लागतो. सुमारे २४ मीटरवरून पडणारे त्याचे पाणी आज वाळूच्या छोट्याशा पुळणीवर कोसळते. १९८३ पूर्वी ते थेट समुद्रात पडत असे. त्या वर्षी जवळच प्रचंड दरड कोसळली. तिची माती आणि दगड लाटांनी या खाडीत आणून टाकले आणि पुळण तयार झाली. छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झालेले हे दृश्य अशा रीतीने रस्त्यावरच्या एका आपत्तीतून घडले आहे.

दक्षिणेकडचा भाग सर्वांत निर्जन. लुसिया, गोर्डा ही नावे नकाशावर ठळक दिसतात, पण प्रत्यक्षात तिथे चार-दोन इमारतींपलीकडे फारसे काही नाही. या सगळ्या टप्प्यात डोंगर ओलांडून पलीकडे जाणारा डांबरी रस्ता एकच, नासिमिएंतो-फर्ग्युसन रोड. रॅगेड पॉइंटनंतर डोंगर मागे सरतात, गवताळ सपाटी येते आणि पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्यावर हत्ती-सील या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्यांचे कळप पहुडलेले दिसतात. शेवटी सॅन सिमिऑन, आणि त्याच्या टेकडीवर वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन यांनी उभारलेला महाल.

या किनाऱ्यावर एसेलेन आणि सलिनान हे आदिवासी समाज हजारो वर्षे राहत होते. १७६९ मध्ये गास्पार दे पोर्तोला यांची स्पॅनिश मोहीम जमिनीवरून उत्तरेकडे निघाली, पण आजच्या रॅगेड पॉइंटजवळ डोंगराने तिची वाट अडवली. किनारा सोडून मोहिमेला डोंगर चढून आतल्या खोऱ्यात उतरावे लागले. पुढे दीड शतक प्रवाशांनी तोच वळसा घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कुटुंबांनी इथे गुरे पाळली, रेडवुड तोडले, चुन्याच्या भट्ट्या चालवल्या. माल बाहेर काढायचा तो समुद्रमार्गे: कड्यावरून तारांच्या साह्याने लाकूड आणि चुना खाली नांगरलेल्या बोटीत सोडला जाई. माँटेरेपर्यंत बैलगाडीची कच्ची वाट होती खरी, पण पावसाळ्यात (तिथे तो हिवाळ्यात येतो) चिखलाने ती बंद पडे.

एप्रिल १८९४ मध्ये पॉइंट सरजवळ ‘लॉस एंजलिस’ नावाची आगबोट खडकावर आपटून फुटली. माँटेरेचे डॉक्टर जॉन रॉबर्ट्स जखमींच्या मदतीला घोडागाडीने त्या खराब वाटेवरून धावले. या किनाऱ्याला रस्ता हवाच, हे त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतले. १८९७ मध्ये त्यांनी हा किनारा पायी पालथा घातला, नकाशे तयार केले आणि ५०,००० डॉलरमध्ये रस्ता होईल असा अंदाज बांधला. अंदाज साफ चुकीचा होता. तरी तो मांडला गेला नसता तर विषय पुढे सरकलाच नसता. रॉबर्ट्स यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, विधिमंडळासमोर छायाचित्रे ठेवली. कॅम्ब्रियाचे राज्य सिनेटर एल्मर रिग्डन यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९१९ मध्ये या रस्त्यासाठी १५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी मिळाली. पहिल्या महायुद्धाचा काळ नुकताच सरला होता. किनाऱ्याचे संरक्षण करायला रस्ता उपयोगी पडेल, हा मुद्दाही तेव्हा वजनदार ठरला.

काम १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही टोकांकडून सुरू झाले. माणसे मिळणे अवघड होते, कारण मुक्कामाला जागा नाही, बाजार नाही, परतीची सोय नाही. त्यामुळे सॅन क्वेंटिन तुरुंगातील कैद्यांना आणून तात्पुरत्या छावण्या उभारल्या गेल्या. त्यांना नाममात्र रोज मिळे आणि शिक्षेत सूट मिळे. पुढे नोबेल मिळवणारे लेखक जॉन स्टाइनबेक यांनीही तरुणपणी या रस्त्याच्या कामावर मजुरी केली. सुरुंगाने कडा उडवायचा, वाफेच्या फावड्यांनी तो राडारोडा थेट समुद्रात लोटायचा आणि पुढे सरकायचे, अशी कामाची रीत होती. डोंगराच्या पायथ्यावर तिचे वण आजही आहेत. उताराचा आधार कापून काढला की वरची माती खाली यायला वाट मिळते, ही किंमत पुढच्या पिढ्यांना चुकवावी लागली.

ओढ्यांच्या घळी ओलांडण्यासाठी लहानमोठे सुमारे तीस पूल बांधावे लागले. त्यांत बिक्सबी पूल सर्वांत अवघड होता. घळ टाळून आतून रस्ता न्यायचा तर डोंगरात बोगदा खोदावा लागला असता. अभियंत्यांनी किनाऱ्यावरच कमान टाकण्याचा पर्याय निवडला. ऑगस्ट १९३१ मध्ये काम सुरू झाले. आधी घळीत डग्लस फर लाकडाचे प्रचंड सेंटरिंग उभे करावे लागले. हिवाळ्यात लाटा इतक्या उसळल्या की सेंटरिंगचा पाया धोक्यात आला आणि काम थांबवावे लागले. मग घळीवरून ताणलेल्या तारेवर बादल्या सरकवून काँक्रीट ओतले गेले. कमानीच्या फासळ्या पायथ्याशी नऊ फूट आणि माथ्याशी पाच फूट जाड आहेत. पुलाची लांबी २१८ मीटर, उंची ७९ मीटरहून जास्त. कमानीच्या दोन्ही बाजूंना जे भरभक्कम खांब दिसतात ते भार पेलण्यासाठी गरजेचे नव्हते. पण त्यांच्यामुळे पूल कड्यातूनच उगवल्यासारखा वाटतो, आणि ही रचनेतली समज फार मोलाची आहे. दोन लाख डॉलरच्या आत बांधलेला हा पूल नोव्हेंबर १९३२ मध्ये खुला झाला. तेव्हा दक्षिणेकडचा बराच रस्ता व्हायचाच होता.

संपूर्ण रस्त्याचे उद्घाटन जून १९३७ मध्ये झाले आणि खर्च एक कोटी डॉलरच्या घरात गेला. रॉबर्ट्स यांना तो दिवस पाहायला मिळाला. रिग्डन त्याआधीच वारले होते. रस्त्याच्या कडेला त्यांच्या नावाची दगडी पाणपोई आहे.

रस्ता झाला तसे या निर्जन किनाऱ्याचे दिवस पालटले. १९४४ मध्ये लेखक हेन्री मिलर इथे राहायला आले आणि त्यांच्यामागून चित्रकार, कवी, भटके येत राहिले. युद्धानंतर मोटारगाड्या वाढल्या आणि सरकारच्या मनात हा रस्ता रुंद करून चौपदरी करण्याचा विचार आला. स्थानिकांनी त्याला कडाडून विरोध केला. वास्तुविशारद नॅथानिएल ओविंग्ज, जे स्वतः इथल्या कड्यावर घर बांधून राहत होते, त्यांनी किनाऱ्याचा आराखडा तयार केला. राज्य सिनेटर फ्रेड फार यांनी निसर्गरम्य महामार्गांच्या कायद्यासाठी प्रयत्न केले. १९६५ मध्ये हा टप्पा राज्याचा पहिला अधिकृत निसर्गरम्य महामार्ग ठरला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या हस्ते बिक्सबी पुलाजवळ त्याचा सोहळा झाला. १९८६ च्या माँटेरे परगण्याच्या आराखड्याने आणखी पुढचे पाऊल टाकले: महामार्गावरून दिसेल अशा जागी नवे बांधकाम करायचे नाही. म्हणूनच दीडशे किलोमीटरच्या या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग नाही, जाहिरातींचे फलक नाहीत. या रस्त्याचे सौंदर्य निसर्गाने दिलेले आहे, तसेच ते माणसांनी नेटाने राखलेलेही आहे. दुसरे काम पहिल्यापेक्षा कमी लेखू नये.

दरडींचा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने सुटणारा नाही. दक्षिण भागातला बराचसा खडक भूपट्टांच्या टकरीत चुरडला गेलेला, एकमेकांत मिसळलेला आणि ठिसूळ आहे. पर्वत अजूनही उंचावतो आहे. खाली लाटा पायथा पोखरतात, वरून हिवाळी पाऊस मातीत मुरतो आणि वणव्याने झाडोरा जळाला असेल तर मातीला धरून ठेवणारे काही उरत नाही. १९८३ च्या दरडीने रस्ता वर्षभराहून अधिक काळ बंद होता.

२०१७ चे वर्ष सर्वांत कठीण गेले. फेब्रुवारीत फाइफर कॅनियनचा पूल खालची जमीन सरकल्याने तडकला आणि पाडावा लागला. उत्तरेला तो पूल, दक्षिणेला दरडी. मधली वस्ती बेटासारखी अडकली. सामान हेलिकॉप्टरने आणावे लागले. जंगलातून नवी पायवाट काढली तेव्हा मुले तिच्यावरून शाळेच्या बसपर्यंत चालत जाऊ लागली. ऑक्टोबरमध्ये तिथे मधे एकही खांब नसलेला पोलादी पूल झाला. दरम्यान २० मे रोजी मड क्रीक इथे अख्खा डोंगर खाली आला. ५० लाख घनयार्डांहून जास्त दगडमाती कोसळली, सुमारे ४०० मीटर रस्ता गाडला गेला आणि समुद्रात जमिनीची नवी जीभ तयार झाली. जमीन हलते आहे हे लक्षात आल्यावर कामगारांना आधीच मागे घेतले होते, म्हणून जीवितहानी टळली. हा ढिगारा उपसणे शक्यच नव्हते. अभियंत्यांनी त्याच्यावरूनच नवा रस्ता नेला: पायथ्याशी लाटा अडवायला मोठे खडक, वर बांध, मोऱ्या आणि जाळ्या. जुलै २०१८ मध्ये तो खुला झाला, ५.४ कोटी डॉलर खर्चून.

जानेवारी २०२१ मध्ये रॅट क्रीक इथे वेगळाच प्रकार घडला. आदल्या वर्षीच्या डोलन वणव्यात वरचे जंगल जळाले होते. मुसळधार पावसात राख, ओंडके आणि चिखल यांनी मोरी तुंबली आणि पाण्याने रस्त्याचा सुमारे ४५ मीटरचा तुकडाच वाहून नेला. घळ मातीने भरून, जास्त मोठी मोरी घालून तो तीन महिन्यांत पुन्हा उभारला. पूर्वीसारखा राडारोडा समुद्रात ढकलण्याची मुभा आता नाही. १९९२ पासून हा समुद्र माँटेरे उपसागर सागरी अभयारण्यात मोडतो, त्यामुळे उपसलेली माती कुठे टाकायची हाही दुरुस्तीचाच एक भाग असतो. पिटकिन्स कर्व्हजवळ २०१४ मध्ये वेगळा मार्ग अवलंबला गेला. दगड कुठे पडतात हे ठाऊक असल्याने तिथे सरकत्या जमिनीवरून पूल नेला आणि शेजारी रस्त्यावर काँक्रीटचे छत बांधले, म्हणजे दगड छतावरून समुद्राकडे जातात आणि वाहने खालून.

२०२३ च्या हिवाळ्यात पॉल्स स्लाइड इथे दरड कोसळली. ती मोकळी होण्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, उत्तरेला रीजंट्स स्लाइड खचली. तिथला उतार इतका धोकादायक होता की माणसांऐवजी दूरनियंत्रित यंत्रे माथ्यावर चढवून माती उतरवली आणि डोंगराच्या पोटात पोलादी गज ठोकले. कार्मेलपासून कॅम्ब्रियापर्यंतचा सलग रस्ता तीन वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, वाहतुकीला खुला झाला.