पासवर्ड शिक्षकाचाच राहावा

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन देयक ‘शालार्थ’ प्रणालीत तयार होते, शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरली जाते, प्रशिक्षणे ‘दीक्षा’वर होतात आणि बदलीचा अर्जही ऑनलाइनच करावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली, भामरागड अशा तालुक्यांच्या जंगलभागात, जिथून पंचायत समितीच्या कार्यालयात एका कागदासाठी जाऊन येण्यात दिवस मोडतो, तिथे ही सोय मोलाची आहे. दिव्यांग शिक्षकासाठी ती अधिकच मोलाची ठरते, मात्र ती प्रणाली त्याला दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता आली पाहिजे. या गुणालाच सुगम्यता म्हणतात.

बदल्यांच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष धार येते. राज्याच्या बदली धोरणात दिव्यांग शिक्षकांचा समावेश ‘विशेष संवर्ग भाग १’मध्ये होतो व त्यांना प्राधान्य मिळते; जिथे ‘अवघड क्षेत्रा’तील शाळा पुष्कळ आहेत अशा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या प्राधान्यावर शिक्षकाची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. पण अंध शिक्षकाला शाळांचा पसंतीक्रम स्वतः भरता येत नसेल, तर त्याला आपला पासवर्ड आणि ओटीपी सहकाऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो आणि त्याने नेमके काय भरले हे तपासण्याचा मार्गही उरत नाही.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, आधारे. ‘एनव्हीडीए’ हा असा विनामूल्य स्क्रीन रीडर असून मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ हेच काम करते. मात्र रकान्याचे नाव त्या रकान्याशी संगणकाच्या भाषेत जोडलेले नसेल, तर तिथे शाळेचा सांकेतिक क्रमांक लिहायचा की जन्मतारीख, हे स्क्रीन रीडर सांगू शकत नाही. बटण म्हणून नुसते चित्र असले तर त्याचा अर्थ कळत नाही. आणि वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा, आवाजाचा पर्याय नसेल तर, दारच बंद करतो.

मराठीची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. ‘कृतिदेव’सारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाने साठवलेले असते इंग्रजी ‘डी’ हे अक्षर, त्यामुळे स्क्रीन रीडर शुद्ध मराठी परिपत्रकाचे निरर्थक अक्षरांत रूपांतर करतो. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला जातो तेव्हा तर वाचण्याजोगा मजकूरच त्यात नसतो. मूळ युनिकोड मजकूर सोबत पाठवायला फारसा खर्च येत नाही. शिवाय तो छायाचित्रापेक्षा कितीतरी हलका असल्यामुळे क्षीण नेटवर्कच्या गावातही लवकर उघडतो.

बहिऱ्या शिक्षकासाठी प्रशिक्षणाच्या चित्रफितीखाली मराठी मजकूर हवा. हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांचा विचार तर चंद्रपूर जिल्ह्यात, जिथे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले, आपोआप व्हायला हवा: कुष्ठरोगाने बोटांची संवेदना किंवा ठसे गमावलेल्या माणसाला बोटाच्या ठशाची हजेरी आणि चिमुकली बटणे सारखीच अडवतात, म्हणून ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग, पुरेशी मोठी बटणे आणि अर्ज भरण्यास पुरेसा वेळ आवश्यक ठरतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा २१ प्रकारची दिव्यांगता मान्य करतो, शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण देतो आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणातील निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ज्याला आरक्षणातून नोकरी दिली, त्याच्यासाठी नोकरीचे साधन वापरण्याजोगे न करणे हे अर्धे काम आहे.

तेव्हा बदलीचा पुढचा अर्ज खुला होण्यापूर्वी तो चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील एका अंध, एका बहिऱ्या आणि हाताने दिव्यांग असलेल्या एका शिक्षकाकडून, शेजारी कोणालाही न बसवता, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत भरून घ्यावा, आणि जिथे ते अडतील ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय अर्ज खुला करू नये.