न परतलेल्या माश्या

दापोडीला लोकल पकडली की खडकीनंतर शिवाजीनगर. तिथे गणेशखिंड रस्त्यावर खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालची. त्याच वर्षी अमेरिकेत रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं.

तेव्हा औषध आणि माशी यांचा हिशेब सोपा होता. (शेतकरी विषाला औषधच म्हणतो, मलाही तीच सवय.) पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्या मोजायच्या. शंभरातल्या पन्नास ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा हेच मोजमाप. जगलेल्या पन्नास जणींची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

विचारायची रीत नव्हती असं नाही. माशीला बर्फावर गारठवून बारक्या नळीत अडकवायचं, डोकं तेवढं बाहेर. वासाची झुळूक सोडायची आणि लगेच मिशीला साखरपाणी लावायचं. सोंड बाहेर येते. दोन-चारदा असं झालं की नुसत्या वासालाच सोंड येते. दुसऱ्या दिवशीही आली, तर धडा तिच्या लक्षात राहिला. तिळाहून लहान मेंदू, पेशी साडेनऊ लाखांच्या आसपास!

नव्वदच्या दशकात निकोटिनच्या घराण्यातलं इमिडाक्लोप्रिड आलं. ते आपल्याकडच्या कपाशीवरही पोचलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना ॲसिटिलकोलीन सोडतात आणि काम झालं की ते लगेच पुसलं जातं. हे औषध त्या निरोपाची नक्कल करतं, पण पुसलं जात नाही. २०१३ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांना माशीच्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशी या औषधाने आधी खवळलेल्या आणि मग गप्प झालेल्या दिसल्या. कुमाफॉसनेही तेच झालं. आणि ते तर पेटीत माश्यांवर जगणाऱ्या वरोआ कोळ्यांना मारायला मधपाळ स्वतःच्या हाताने घालतात.

त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर चिप चिकटवून, त्याच घराण्यातलं थायामेथोक्झाम मरणार नाहीत इतकंच पाजून त्यांना दूर सोडलं होतं. ओळखीच्या शिवारातून औषधापायी हरवल्या त्या दहात एक. अनोळखी शिवारातून जवळजवळ तिनात एक. दाराशी एकही प्रेत नाही, मग मोजणार काय? माझ्या मते या साऱ्या काळातला कळीचा प्रयोग हाच.

पुढे २०१५ मध्ये कळलं की अशा औषधाची चव माशीला लागतच नाही, तरी साध्या साखरपाण्यापेक्षा ती औषधाचंच जास्त पिते. त्याच वर्षी कोलकाता विद्यापीठाच्या संशोधकांनी फवारणीच्या पट्ट्यातल्या आपल्या देशी माश्या तपासल्या. त्यांचं वास ओळखणं मंदावलेलं निघालं. युरोपने २०१८ साली निकोटिनच्या घराण्यातली तीन औषधं उघड्या शेतातून हद्दपार केली. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हा चर्चा झाली. तीही मेलेल्यांचीच.

मध्यंतरी दापोडीतल्या एका सोसायटीत टाकीखालचं आग्या मोहोळ भर दुपारी औषध मारून पाडलं. खाली सुपाएवढं मेण आणि काळा खच पडला. झाडून पोत्यात भरला. संध्याकाळी लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीएमई) झाडीकडून बाहेर गेलेल्या माश्या परतल्या. पोळ्याच्या जागी उरलेल्या ओलसर डागावर त्या एकमेकींना धरून बसल्या. दोन दिवस तिथेच होत्या. त्यांना वाट आठवत होती.