दारणेच्या दगडांवरचा मासा

द्वारका परिसरातल्या एका वाचकाने विचारलंय : निवटी, बोंबील, तारली यांवर सगळे लिहितात, आमच्या नाशिकचा म्हणावा असा एखादा मासा आहे का? आहे, आणि त्याचं घर द्वारकेहून लांबही नाही. पुण्याच्या रस्त्याने नाशिकरोड मागे टाकलं की चेहेडीला दारणा नदी लागते. याच नदीत देवळालीजवळ मिळालेल्या एका बोटभर माशाचं सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी १९३८ साली 'पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी' असं बारसं केलं. नावाचा मान मिळाला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या एस. एच. प्रेटर यांना, जे पुढे संविधान सभेतही होते. देवळालीच्या माशांमागे लागलेले ए. जी. एल. फ्रेझर मात्र आज कुणाला आठवत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. संशोधकाच्या टेबलावर मासा पोचायचा, तर आधी कुणीतरी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं!

या माशाची जात खळाळत्या, उथळ पाण्यातली. पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले. दगडाला बिलगून राहायचं आणि त्यावरचं शेवाळ खरवडायचं. सह्याद्रीतले असे मासे पूर्व हिमालयातल्या माशांसारखे का दिसतात, या कोड्याने होरांना झपाटलं होतं. सातपुड्याच्या रांगेने ते इकडे आले असावेत, असं त्यांचं उत्तर. जनुकांच्या अभ्यासाने त्या उत्तरावर आज बरेच प्रश्न उभे केले आहेत, पण प्रश्न विचारावा तर होरांसारखा.

२०११ साली हा मासा 'अतिसंकटग्रस्त' ठरला. असा शिक्का बसला की नदीत मत्स्यबीज सोडायच्या घोषणा होतात. रोहू-कटला वाढल्याने याचं काहीच भलं होत नाही. याला हवेत स्वच्छ, धावतं पाणी आणि न उपसलेले दगडगोटे. दारणा उगम पावते इगतपुरीच्या डोंगरात, आणि १९१६ पासून उगम व देवळाली यांच्यामध्ये दारणा धरण उभं आहे. त्यामुळे या माशाचा शोध फक्त देवळालीत घेऊन भागणार नाही. धरणाच्या वरचे ओढेही पावसाळा सरल्यावर, पाणी वाहतं असतानाच, दगड न् दगड पाहून तपासायला हवेत. तिथे तो सापडलाच, तरी धरणाची भिंत ओलांडून देवळालीला आपणहून परतणं त्याला जमणार नाही.