सत्तावीस टक्के म्हणजे नेमके किती?

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. पण भाजीत मीठ घातले की नाही हे विसरणे वेगळे आणि जन्मभर केलेली भाजी कशी करायची हेच न सुचणे वेगळे. हा दुसरा प्रकार म्हातारपण नव्हे, तो आजार आहे.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ साली ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता त्यांना दिसला. पुटे अमायलॉइड-बीटा या प्रथिनाची असतात, गुंता टाऊ या प्रथिनाचा. आधी अमायलॉइड साचते, त्यातून पुढे टाऊचा गुंता होतो आणि पेशी मरतात, अशी मांडणी हार्डी व हिगिन्स यांनी १९९२ साली केली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही मांडणी लगेच पटते. मूळ दोष काढला की पुढचे सारे सुरळीत! मेंदूचे तसे नाही. अमायलॉइड काढू पाहणारी कित्येक औषधे चाचण्यांत नापास झाली. अखेर जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली, २०२४ मध्ये डोनानेमॅबला.

लेकानेमॅबने ऱ्हास ‘२७ टक्क्यांनी’ मंदावतो, असे आपण वाचले असेल. हा आकडा नीट समजून घेऊ. आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतले १,७९५ रुग्ण १८ महिने चाचणीत होते. ऱ्हास मोजण्याची पट्टी १८ गुणांची; गुण वाढले की प्रकृती बिघडली. औषध न मिळालेल्यांचे सरासरी १.६६ गुण वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१. फरक ०.४५ गुणाचा; १.६६ च्या मानाने तो २७ टक्के. म्हणजे २७ टक्के रुग्ण बरे झाले नाहीत की तेवढी स्मृती परतली नाही. दोन्ही गट खालावलेच, एक जरा सावकाश.

असे का? लक्षणे दिसण्याआधी पंधरा-वीस वर्षे अमायलॉइड साचत असते. गळका नळ बंद केला तरी पडलेला गिलावा आपोआप चढत नाही.

‘ते नवे औषध पाठव ना,’ असा फोन देशातून येतो. ही गोळी नव्हे. आधी मेंदूत अमायलॉइड आहे याची खात्री करावी लागते. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून सलाईनसारखे औषध दिले होते. सुमारे १३ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण क्वचित ती जिवावर बेतू शकते. म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असल्यास धोका अधिक, म्हणून जनुकाची तपासणीही सुचवतात. शिवाय आजार पुढे गेलेल्यांवर ही चाचणी झालेलीच नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे: अवस्था कोणती, अमायलॉइड सिद्ध झाले का, धोका किती?

आणि ज्यांचे आईवडील आज ठणठणीत आहेत त्यांनी? लॅन्सेटच्या समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, एकटेपणा आणि बहिरेपणाही आहे. ‘बाबांना ऐकू येत नाही, म्हणून फोन मीच घेते,’ असे आई म्हणत असेल, तर पुढच्या खेपेस चॉकलेटांआधी बाबांच्या कानांची तपासणी आणि श्रवणयंत्र यांचे बघा.