देवधरांच्या चषकाची वाट कोण पाहतं?

२७ ऑक्टोबर २००४ ची रात्र. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या आकाशात खग्रास ग्रहणानं चंद्र तांबूस झाला होता. आपल्या पंचांगात ती आश्विन पौर्णिमा, कोजागरीचे दिवस. त्या चंद्राखाली बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं बेसबॉलचं अजिंक्यपद पटकावलं. याआधी हा संघ जिंकला होता १९१८ साली. मध्ये ८६ वर्षं गेली. बेब रूथ हा त्यांचा हिरा १९१९ चा हंगाम संपल्यावर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकला गेला आणि तेव्हापासून संघाला शाप लागला, असं बॉस्टनची माणसं पोराबाळांना सांगत आली. २००४ मध्येही उपान्त्य मालिकेत याच यांकीजकडून पहिले तीन सामने ते हरले होते. तिथून त्यांनी सलग चार जिंकले आणि अंतिम मालिकेत सेंट लुईसला ४-० असं हरवलं. तीनच दिवसांनी निघालेल्या विजययात्रेला ३० लाखांवर लोक आले असा अंदाज सांगितला गेला. पण मला त्या गर्दीपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. जिंकल्यानंतर लोक कबरस्तानांत गेले. वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर त्यांनी संघाच्या टोप्या आणि झेंडे ठेवले.

शिकागोची कथा याहून लांबची. तिथला कब्स संघ १९०८ साली जिंकला, तो थेट २०१६ मध्ये. १०८ वर्षं. १९४५ च्या अंतिम मालिकेत बिली सियानिस नावाच्या गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं, त्यानं शाप दिला, ही तिथली दंतकथा. २ नोव्हेंबर २०१६ रोजी क्लीव्हलंडमध्ये सातवा आणि निर्णायक सामना बरोबरीत अडकला, पावसानं १७ मिनिटं थांबला आणि मध्यरात्र उलटल्यावर दहाव्या डावात शिकागोनं तो ८-७ असा जिंकला. इकडे शिकागोत लोक आपल्या रिग्ली फील्ड मैदानाच्या विटांच्या भिंतीपाशी रंगीत खडू घेऊन जमले. कुणी आजीचं नाव लिहिलं, कुणी भावाचं, कुणी जन्म-मृत्यूची वर्षं लिहिली. हात पोचतील तिथपर्यंत भिंत भरली. मग लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून वरच्या विटांवर लिहू लागले. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या कुटुंबांची तिथंच वाढलेली मुलंही या संघाचं दुःख आपलं मानून मोठी झाली आहेत. भिंतीवर लिहायला त्यांच्याकडे कुणा आजोबांचं नाव नसेल, त्यांची मुलं मात्र त्यांचं लिहितील.

हे सगळं पिंपळगाव बसवंतच्या वाचकाला सांगायचं कारण असं की, बॉस्टनच्या तोडीची एक प्रतीक्षा या गावाच्याही नावावर आहे. गावाला तिचा पत्ता नाही.

महाराष्ट्रातून रणजी करंडकात तीन संघ उतरतात. मुंबईचा एक, विदर्भाचा एक आणि उरलेल्या मोठ्या मुलुखाचा ‘महाराष्ट्र’ या नावाचा. निफाड तालुक्यातला एखादा पोरगा चांगला खेळू लागला, तर तो नाशिक जिल्हा संघातून याच महाराष्ट्राच्या संघाकडे जातो. नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव असाच गेला. मुंबईनं रणजी करंडक ४२ वेळा जिंकलाय. विदर्भानं तीनदा. आपल्या महाराष्ट्रानं दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. त्यानंतर एकदाही नाही. ऐंशीहून अधिक वर्षं झाली.

त्या दोन विजयांचा कर्णधार होता दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा प्राध्यापक. १८९२ चा जन्म, म्हणजे करंडक उचलला तेव्हा पन्नाशी हाकेच्या अंतरावर होती. आज चाळिशीत खेळणाऱ्याचं आपण कौतुक करतो. देवधरांनी ४८ व्या वर्षी, १९४०-४१ च्या हंगामात, मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर एकाच रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली. त्यांच्या संघात विजय हजारे होते. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद ३१६ काढल्या, ते रणजीतलं पहिलं त्रिशतक. अंतिम सामन्यात पहिल्या वर्षी पुण्यातच संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवलं, दुसऱ्या वर्षी मद्रासमध्ये जाऊन मद्रासला. डिसेंबर १९४८ मध्ये याच महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या, तेव्हा काठियावाडनं सामनाच सोडून दिला. इतकं वैभव असलेला संघ पुढची आठ दशकं रिकाम्या हातानं परतत राहिला.

अंतिम फेरी गाठली नाही असं नाही. १९७०-७१ मध्ये मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या मुंबईनं तरीही महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं. १९९२-९३ ची अंतिम लढत लुधियानात झाली. पंजाब १२० धावांनी जिंकला आणि त्यांचा तो पहिलाच करंडक होता. त्या वेळी प्राध्यापक देवधर १०१ वर्षांचे होते. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ते गेले. आपल्या संघाला पुन्हा करंडक उचलताना पाहायला ५२ वर्षं हा माणूस हयात होता! बॉस्टनमध्ये असं घडलं असतं तर त्यांच्या समाधीवर काय काय वाहिलं गेलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि मग २०१३-१४. हा हंगाम मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो, कारण आपल्या गावागावांत तो कुणाच्या तोंडी नाही. महाराष्ट्र त्या वर्षी खालच्या क गटात होता. तिथून पुढे आला आणि उपान्त्यपूर्व फेरीत गाठ पडली मुंबईशी, तीही वानखेडेवर. मुंबईच्या पहिल्या डावात ४०२, महाराष्ट्राच्या २८०. तिथं सामना संपल्यातच जमा होता. पण दुसऱ्या डावात मुंबई १२९ वर आटोपली. विजयाला २५२ हव्या होत्या. केदार जाधवनं नाबाद १२० आणि जालन्याच्या कोवळ्या विजय झोलनं नाबाद ९१ करून दोनच गडी गमावत त्या काढल्या. उपान्त्य फेरीत इंदूरला बंगालचा पहिला डाव ११४ वर गुंडाळला, समद फल्लाहनं सात बळी घेतले, सामना दहा गडी राखून खिशात. केदारच्या हंगामात १२२३ धावा झाल्या. रोहित मोटवानीचा संघ हैदराबादला अंतिम फेरीत उतरला. तिथं कर्नाटकनं ३०५ ला ५१५ नं उत्तर दिलं. दुसऱ्या डावात महाराष्ट्रानं ३६६ करून झुंज दिली, तरी १५७ चं लक्ष्य कर्नाटकला रोखायला अपुरं पडलं. सात गडी राखून ते जिंकले. तारीख होती २ फेब्रुवारी २०१४.

२ फेब्रुवारीला पिंपळगावात काय चालू असतं? द्राक्षांची काढणी. मला वाटतं, या गावानं रणजीला आपलं न मानण्याचं एक खरं कारण इथं आहे. दसऱ्याच्या मागेपुढे गोडी छाटणी सुरू होते. छाटल्यावर लगोलग बाया हातमोजे घालून काडीच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत. मग विरळणी, घडांचं डिपिंग, अवकाळीची धास्ती, डिसेंबरात थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्या. जानेवारीपासून क्रेट, पॅकहाऊस आणि निर्यातीचे कंटेनर. रणजीचा हंगामही नेमका ऑक्टोबर ते मार्च. सामना चार दिवसांचा, बहुधा आठवड्याच्या कामाच्या दिवसांत, टीव्हीवर क्वचित. आयपीएल येते खरड छाटणीच्या सुमाराला, संध्याकाळी, घरी माणूस असताना. पोरं मुंबई किंवा चेन्नईचे रंग घालून फिरतात ते उगाच नाही.

पण हंगामाचं कारण सगळं उलगडत नाही. नागपूर-अमरावतीची संत्रीही हिवाळ्यातच तोडली जातात. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि साठ वर्षं इतरांना गुण देणारा संघ म्हणून ओळखला गेला. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये फैज फजलच्या संघानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरनं १३३ काढल्या. साठ वर्षं हरणारा संघही वैदर्भीयांनी टाकून दिला नव्हता, कारण विदर्भ म्हटलं की मनात एक मुलूख उभा राहतो. ‘महाराष्ट्र’ संघ म्हटलं की नाशिकच्या माणसाला तो पुण्याचा वाटतो. खेळ, निवड आणि सामने पुण्याभोवती फिरत राहिले. उत्तर महाराष्ट्रानं त्यात स्वतःला शोधलंच नाही.

उलट कुस्तीचं पाहा. १९६१ मध्ये दिनकर दह्यारींपासून महाराष्ट्र केसरीची परंपरा सुरू झाली. नाशिकच्या वाट्याला गदा आली ती ७ जानेवारी २०२० ला, बालेवाडीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, भगूरच्या बलकवडे तालमीत घडलेल्या हर्षवर्धन सदगीरनं लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असं हरवलं. दोघंही काका पवारांचे पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. ते दृश्य जिल्ह्यात मोबाइलवरून मोबाइलवर गेलं. कुस्तीत तालीम गावात असते, वस्ताद ओळखीचा असतो, जत्रेच्या फडात त्याच पोराला आपण पाहिलेलं असतं. तिथं वाट पाहणं आपोआप घरात शिरतं.

प्रतीक्षा वारशानं द्यावी लागते, हे मला सगळ्यात ठळक दिसलं महिला क्रिकेटमध्ये. १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीतल्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, मुंबईच्या डायना एडलजी अनारक्षित डब्यांतून प्रवास करत खेळल्या. बॅटीही वाटून घ्याव्या लागत. २००५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ९८ धावांनी हार. २०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी.

मग आला २ नोव्हेंबर २०२५, रविवार. पंढरीत कार्तिकी एकादशी, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर पाऊस. शिकागोच्या त्या सामन्याचीच तारीख, तसाच पाऊस. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू झाला. त्याआधी तीनच दिवस मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सनं याच मैदानावर नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा डोंगर ओलांडून दिला होता. अंतिम सामन्यात भारताच्या २९८, त्यात शेफाली वर्माच्या ८७. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून झुंजत होती. अमनजोत कौरच्या हातून तिचा झेल दोनदा निसटला आणि तिसऱ्या प्रयत्नात, पडता पडता, एका हातात बसला. दीप्ती शर्मानं ३९ धावांत पाच बळी घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतनं स्वतः घेतला. ५२ धावांनी विजय.

त्यानंतर जे झालं ते मी बॉस्टनच्या थडग्यांच्या रांगेत ठेवतो. संघानं करंडक मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. ज्यांनी वाट पाहिली आणि ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या हातात. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिलेला मुलगा. पुढे पदार्पणातच मुंबईसाठी २६० धावा, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा आणि भारताची कॅप एकदाही नाही. त्या रात्री हरमनप्रीत त्यांच्या पाया पडली आणि मिठी मारून रडली. स्मृती मानधनाच्या सांगलीपासून निफाडच्या शिवारापर्यंत तो आनंद खरा होता, कारण आधीच्या पराभवांची आठवण आता मुलींना माहीत झाली होती.

देवधरांचा करंडक परत येईल तेव्हा असा आनंद व्हायचा असेल, तर त्याची वाट पाहणारं कुणीतरी आधी घडवावं लागेल. साधन हाताशी आहे. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात. जानेवारी २०२५ मध्ये तिथंच महाराष्ट्रानं बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. हजाऱ्यांच्या त्या त्रिशतकातला प्रतिस्पर्धीही बडोदाच. हा दुवा तिथं बसलेल्या पोरांना सांगणारं कुणी शेजारी असायला हवं होतं. रणजीला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. पिंपळगावातून मैदान तीसेक किलोमीटर. शाळेची एक बस चिंचखेड चौफुलीवरून सकाळी आठला निघाली, तर नाणेफेकीला पोचते. सोबत एक शिक्षक असावा, ज्याला १९४१ नंतर काय काय घडलं ते तोंडपाठ आहे.