कंपन्यांचे दान आणि कंपन्यांचे देणे



वसतिगृहासाठी आणि कोलाम पोडांवरच्या आरोग्यसेवेसाठी मोठ्या कंपन्यांकडे मदत मागावी का, हा प्रश्न अनेक सभासद विचारतात. काहींचे म्हणणे असे की, कंपन्यांना आता कायद्यानेच समाजकार्यावर पैसा खर्च करावा लागतो, मग आपण मागे का राहावे? दुसरे म्हणतात, तो पैसा कुठून आला हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. मोठ्या कंपनीवर समाजाचे काही नैतिक देणे असते का, की कर भरला, पगार दिले आणि कायदा मोडला नाही म्हणजे ती मोकळी?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याविषयी बराच गैरसमज आहे. कंपनी कायदा 2013 मधले कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी यांपैकी एका तरी मर्यादेला पोहोचतो, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण अशी कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. सुरुवातीला खर्च झाला नाही तर कारण सांगून सुटता येत असे. 2021 पासून ती सोय गेली. उरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते.

मग दोन टक्के दिले की संपले का?

याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवादही नीट ऐकायला हवा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली मांडले होते की, नियम पाळून नफा मिळवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. व्यवस्थापक दानधर्म करतो तेव्हा तो भागधारकांचा पैसा वाटत असतो, स्वतःचा नव्हे. यात तथ्य आहे. दुसऱ्याच्या खिशातून दानशूर होणे सोपे असते. याच्या उलट, आपल्या शेजारच्या वर्ध्यात राहिलेल्या गांधीजींनी श्रीमंतांना सांगितले की, तुम्ही संपत्तीचे मालक नाही, विश्वस्त आहात. पण विश्वस्ताने हिशेब द्यायचा कोणाला, हे त्या विचारात मालकाच्या सदसद्विवेकावरच सोडलेले राहिले.

पवित्र शास्त्रात या बाबतीत एक भेद फार स्पष्ट आहे आणि तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळतो. लेवीय 19 मध्ये कापणी करणाऱ्याला सांगितले आहे की शेताचे कानेकोपरे कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा. हे ऐच्छिक दान नव्हे. तो भाग गरिबाचाच आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा तिने हक्काच्या जागी स्वतःच्या हातांनी काम केले. कोणी तिचा फोटो काढून बांधावर पाटी लावली नाही. दोन टक्क्यांचा कायदा मला या सरव्यासारखा वाटतो. म्हणून त्यातून मदत घेताना आपण ओशाळे होण्याचे कारण नाही, आणि देणाऱ्याने उपकाराची भाषा करण्याचेही नाही.

पण शास्त्र सरव्यापाशी थांबत नाही. अनुवाद 22 मध्ये नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. निर्गम 21 मध्ये मारक्या बैलाची गोष्ट आहे. बैलाने अचानक कोणाला शिंग मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितले होते आणि तरी त्याने त्याला आवरले नाही, तर दोष मालकाचा. म्हणजे ठाऊक असणे हीच जबाबदारीची सुरुवात. अशा मालकाने दर हंगामात कितीही सरवा सोडला, तरी बैलाचा हिशेब त्यातून फिटत नाही.

आपल्या जिल्ह्याने हे 2017 साली पाहिले. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि 800 च्या आसपास लोकांना उपचार घ्यावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येई. अळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. फवारणारा पुष्कळदा शेताचा मालक नसतो, तो रोजाने आलेला मजूर असतो आणि आपल्या भागात तो कोलाम किंवा गोंड असतो. औषधाच्या डब्यावर धोक्याचा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतच्या माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना असतात. ज्याने शाळा पाहिली नाही, ज्याची घरची भाषा कोलामी आहे, त्याच्यासाठी तो कागद म्हणजे पुडी बांधायचा कागद.

दोष कोणाचा यावर तेव्हा खूप बोलले गेले. मजुराने काळजी घेतली नाही, दुकानदाराने नको ते मिश्रण सांगितले, कृषी खात्याने लक्ष दिले नाही. यातले प्रत्येक काही अंशी खरे असेल. पण उत्पादकाचे काय, हा प्रश्न ज्यांनी विचारला ते थेट स्वित्झर्लंडला पोहोचले.

बाझेल हे नाव आपल्यापैकी जुन्या मंडळींना मिशनमुळे ठाऊक असेल. 1834 मध्ये मंगळूरला आलेल्या बाझेल मिशननेच 1865 मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौले पुढे घराघरांवर चढली. त्याच बाझेल शहरात सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीचे मुख्यालय आहे. तिच्या ‘पोलो’ या औषधातला डायफेन्थियुरॉन हा घटक युरोपीय संघात 2002 पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून वापरात नाही. भारतात मात्र तो विकला जात होता. सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 बाधितांच्या वतीने काही संस्थांनी स्विस सरकारच्या तक्रार केंद्राकडे दाद मागितली. मरण पावलेल्या दोघांच्या विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी बाझेलच्या न्यायव्यवस्थेकडे भरपाईसाठी धाव घेतली. आपल्या औषधामुळे हे घडले, हा आरोप कंपनीने नाकारला आहे. तक्रार केंद्रापुढची मध्यस्थी समझोत्याविना संपली. निकाल देणे हे आपले काम नाही. पण आपल्या देशात जे चालत नाही ते दुसऱ्याच्या देशात विकताना, तिथला फवारणारा कोण, तो वाचू शकतो का, त्या उकाड्यात संरक्षक पोशाख घालणे त्याला जमेल का, हे विचारणे उत्पादकाचे कर्तव्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. छताचा कठडा तो हाच. ऑक्टोबर 2020 मध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांची निर्यात 2021 पासून बंद करण्याचे ठरवले.

यात तिथल्या मंडळ्यांचाही वाटा होता, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. स्विस कंपन्यांनी किंवा त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांनी परदेशात माणसांचे वा निसर्गाचे नुकसान केले, तर स्वित्झर्लंडच्या न्यायालयात त्यांना जबाबदार धरता यावे, असा प्रस्ताव तिथे सार्वमताला आला होता. अनेक चर्चनी इमारतींवर नारिंगी फलक लावून त्याला पाठिंबा दिला. त्यावरून चर्चमध्येच वाद झाले, चर्चने राजकारणात पडू नये असे पुष्कळांनी सुनावले. 29 नोव्हेंबर 2020 ला मतदान झाले. 50.7 टक्के मतदारांनी होकार दिला, पण बहुसंख्य प्रांतांनी नकार दिल्यामुळे प्रस्ताव पडला. तरीही, ज्यांनी यवतमाळ कधी पाहिले नाही अशा लोकांनी रविवारच्या उपासनेनंतर आपल्या मजुरांविषयी चर्चा केली असेल, हा विचार मला धीर देतो. आपल्या मंडळीत अशी चर्चा किती वेळा होते?

आता थोडे जवळचे. वणी तालुक्यात कोळसा आहे, झरी जामणीत चुनखडी आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना आहे. 2015 च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनुसार खाणपट्टाधारकाने रॉयल्टीशिवाय जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची असते. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 30 टक्के, त्यानंतर लिलावाने दिलेल्यांसाठी 10 टक्के. हा पैसा खाणीमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी आहे, आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा गोष्टींना त्यात अग्रक्रम आहे. हे दोन टक्क्यांपेक्षा वेगळे आहे. कंपनीला नफा होवो वा तोटा, खनिज काढले की ही रक्कम लागू होते. यात तर दानाचा प्रश्नच येत नाही. आपल्या पोडांवर मात्र या निधीचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. शाळेला मिळालेली दप्तरे आणि त्यांवरचे कंपनीचे चिन्ह तेवढे सगळ्यांच्या लक्षात राहते.

आपण मदत मागावी का, या प्रश्नावर माझे मत असे. मागावी. त्यासाठी संस्थेची केंद्र सरकारकडे नोंदणी, आयकराचे 12 ए आणि 80 जी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. हे कागद तयार ठेवायला हरकत नाही. पण अर्ज करण्याआधी त्या कंपनीच्या कामामुळे आपल्याच लोकांना इजा झाल्याची तक्रार आहे का, हे समितीने तपासावे. तक्रार असेल तर ती मिटेपर्यंत पैसा घेऊ नये, वसतिगृहाची गळकी खोली आणखी एक पावसाळा तशीच काढावी लागली तरी. हे लिहिणे सोपे आहे, त्या खोलीत झोपणाऱ्या मुलींना सांगणे कठीण, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्या समितीने घेऊ नये असे मला वाटते. आणि कोणत्याही देणगीच्या बदल्यात गप्प राहण्याची अट, लेखी असो वा तोंडी, मान्य करू नये. जक्कयाने अर्धी संपत्ती गरिबांना देऊ केली, पण ज्यांना नाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे वचनही त्याने त्याच वेळी दिले (लूक 19). पहिले दिल्यामुळे दुसरे माफ झाले नाही.

मारेगाव, झरी जामणी, केळापूर, घाटंजी आणि राळेगाव तालुक्यांतली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे खनिज निधीच्या कामांना ग्रामसभेची मान्यता लागते. ग्रामसभेत कोणते काम सुचवायचे हे पोडावर आधी बसून ठरवले, तर ठराव लिहून घेता येतो. ज्या मंडळ्यांच्या गावांना यासाठी मदत हवी असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. ठरावाचा मराठी नमुना आम्ही पाठवू, आणि कोलामीत समजावून सांगायला आपल्यातलाच कोणीतरी सोबत येईल.