दिल्लीचा डोंगर: जायचं नाही, तरी जायचंच!

दिल्लीत ट्रेक? सह्याद्रीवाल्यांनो, हसा खुशाल! राजधानीतली सर्वांत उंच जागा भाटी गावाजवळ, 318 मीटर. कळसूबाईचा पाचवा हिस्साही नाही. तरी सुट्टीच्या दिवशी उजाडलं की दिल्ली-फरीदाबाद-गुडगावची तरुण मंडळी अरवलीत घुसतात. ओढ भारद्वाज तलावाची. तलाव असोला-भाटी अभयारण्यात, आणि परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा. गुन्ह्याचे फोटो मात्र मंडळी स्वतःच हौसेनं टाकतात.

गंमत म्हणजे ते निळंहिरवं पाणी खाणीच्या खड्ड्यातलं! भाटीतून निघालेली लालसर वाळू 'बदरपूर' या नावानं दिल्लीच्या गवंड्यांनी घरोघरी वापरली. पुढे खाणी बंद पडल्या, 1991 मध्ये हा भाग अभयारण्याला जोडला गेला आणि खड्डे पाण्यानं भरले. खाणीचा काठ गावतळ्यासारखा उतरत जात नाही. एक पाऊल घोटाभर पाण्यात, पुढचं थेट खोल डोहात. या पट्ट्यातल्या खाणतलावांत पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या म्हणूनच पुन्हा पुन्हा येतात.

वाट बंदच ठेवा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला बिबटेही आहेत. कॅमेऱ्यांत ते रीतसर टिपले गेलेत. ट्रेकवाले म्हणतात, जंगल पाहिलंच नाही तर वाचवायला येणार कोण? मुद्दा बिनतोड, पण चिप्सची पाकिटं मागे टाकून जाणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. शिवाय दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2007च्या आदेशानंतर शहरातली पकडलेली माकडं इथेच आणून सोडली गेली. केळी सांभाळा!

पलीकडे हरियाणात मांगरबनी आहे, गुदडिया दास बाबांच्या नावानं राखलेली देवराई. आपल्या धावड्याचा भाऊबंद 'धौ' इथे दाट वाढलाय. फांदी मोडली तर बाबा कोपतो, ही गावकऱ्यांची श्रद्धा. मला विचाराल तर वनखात्याच्या पाटीपेक्षा या बाबाची जरब मोठी.

हवाईत तर याहून कडक उपाय झाला. तिथला 3,922 पायऱ्यांचा हायकू जिना 1987 पासून लोकांना बंद होता, तरी लोक चढतच राहिले. शेवटी 2024 मध्ये जिनाच उखडायला घेतला!

दिल्लीत एवढी वेळ आलेली नाही. असोल्यात आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्गशिक्षण केंद्र आहे. त्यांच्या माणसांबरोबर फुलपाखरं बघत रीतसर भटकता येतं. रील तेवढं कमी चालतं.